दोर सोडण्याचा हक्क कोणाचा?

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलेल्या माणसाला मुंबई बंदराच्या पाण्यात कधी कधी एक विलक्षण दृश्य दिसते. तीन लोखंडी मनोरे आकाशात उभे आणि त्यांच्या मधोमध एखाद्या कारखान्याएवढे धूड पाण्यावर तरंगत हळूहळू सरकते आहे. ही जॅक-अप रिग. समुद्राच्या तळात भोक पाडून तेल काढणारे यंत्र दुरुस्तीसाठी बंदरात आणले जात असते. लोक मोबाइल काढतात, फोटो घेतात. रिगच्या पुढे, बाजूला आणि मागे दोराने जखडलेल्या दोन-चार बुटक्या बोटी असतात. त्या फोटोत येतात, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘रिग बंदरात दाखल’. वाचकहो, रिग दाखल होत नसते, तिला दाखल केले जाते. बहुतेक जॅक-अप रिगना समुद्रात चालण्यासाठी स्वतःचे इंजिनच नसते. एका जागेवरचे काम संपले की पाय वर उचलायचे, धड पाण्यावर तरंगवायचे आणि टगबोटींनी ते ओढत न्यायचे. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबई हायमध्ये तेल शोधणाऱ्या ‘सागर सम्राट’चे नाव आपली मुले स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतात. या पन्नास वर्षांत अरबी समुद्रात रिग ओढणाऱ्या एका तरी टगचे नाव त्यांना सांगता येईल काय? दोष मुलांचा नाही. ते नाव कोणी छापलेलेच नाही.

हे काम कसे चालते ते आधी समजून घेऊ, कारण पुढचा सगळा कायदा त्या दोरावर लोंबकळतो आहे. खुल्या समुद्रात मोठी टग जाड पोलादी तारेच्या दोराने रिग ओढते. वेग ताशी तीन-चार सागरी मैल, म्हणजे माणूस चालतो त्याहून फार जास्त नाही. रिगचे पाय शंभर मीटरहून उंच असू शकतात. ते वर उचललेले असताना वारा त्यांना शिडासारखा धरतो आणि लाटेवर सगळे धूड हेलकावे खाते. म्हणून अशी सफर हवामान पाहूनच सुरू करायची असते. बंदराच्या तोंडाशी आल्यावर लांब दोर आखूड करतात, बंदरातल्या छोट्या टग चहूबाजूंनी बांधतात, पायलट चढतो, भरतीची वेळ साधतात. मग वीतवीत करून ते धूड धक्क्याला लावतात. हे सगळे होत असताना टगच्या डेकवर ओल्या लोखंडावर उभा असतो तो खलाशी. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो आणि वाटेत जो असेल त्याला कापून जातो. त्याहून वाईट म्हणजे ओढले जाणारे धूड बाजूला फिरले आणि दोर टगच्या कुशीवर आडवा आला, तर टगच पालथी होते. त्याला मिनिटे लागत नाहीत, काही क्षण पुरतात. अशा वेळी वाचण्याचा मार्ग एकच असतो, दोर सोडणे. टगवर त्यासाठी झटकन दोर सुटण्याची सोय ठेवलेली असते.

सोय यंत्रात आहे. माझा प्रश्न यंत्राचा नाही. दोर सोडण्याचा, किंवा मुळात तो बांधून निघायलाच नाही म्हणण्याचा हक्क कोणाकडे आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

इंग्रजांच्या सागरी कायद्यात एक जुने सूत्र आहे. टग ही ओढल्या जाणाऱ्या जहाजाची नोकर! वकिलीच्या पुस्तकात हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मी तिथेच थांबलो होतो. जो ओढतो तो नोकर आणि ज्याला ओढून न्यावे लागते तो मालक. आपल्या समाजाला हे नाते नव्याने समजावून सांगायची गरज नाही. ब्रिटनमधल्या प्रमाणित टोइंग करारांत तर टगवरची माणसे कामापुरती भाड्याने घेणाऱ्याची नोकर समजावीत, असे स्पष्ट कलमच आहे. याचा उपयोग काय? टगच्या चुकीने काही मोडले तर जबाबदारी टगच्या मालकावर येऊ नये. म्हणजे ‘नोकर’ हा शब्दसुद्धा नोकराच्या भल्यासाठी वापरलेला नाही. त्याच्या मालकाची थैली वाचवण्यासाठी वापरला आहे.

रिग आणि टग यांचा जगातला सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतला आहे. टेक्सासच्या झपाटा ऑफ-शोअर कंपनीला आपली ‘चॅपरल’ ही रिग लुइझियानाहून इटलीतल्या रावेन्नाजवळ न्यायची होती. (ही कंपनी पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थोरल्या जॉर्ज बुश यांनी उभी केली होती. १९६६ साली ते तिच्यातून बाहेर पडले.) काम उंटरवेझर या जर्मन कंपनीला मिळाले. ५ जानेवारी १९६८ ला ‘ब्रेमेन’ नावाची टग रिग घेऊन निघाली. ९ तारखेला मेक्सिकोच्या आखातात मोठे वादळ झाले. रिग इतकी हेलकावली की तिचे उचललेले पाय मोडून समुद्रात पडले. झपाटाने टगला सांगितले, सर्वांत जवळच्या टॅम्पा बंदरात चला. ‘ब्रेमेन’ने ती मोडकी रिग तिथवर ओढत नेली.

आणि बंदरात पोहोचताच काय झाले? टगला अटक झाली. सागरी कायद्यात जहाजालाच प्रतिवादी करून जप्त करता येते. झपाटाने पस्तीस लाख डॉलरच्या भरपाईचा दावा लावला आणि सरकारी मार्शलने ‘ब्रेमेन’ ताब्यात घेतली. मालकाने तेवढ्याच रकमेची हमी भरली तेव्हा ती सुटली. वादळातून रिग सुखरूप बंदरात आणणाऱ्या बोटीचे स्वागत असे झाले!

खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७२ साली सरन्यायाधीश बर्गर यांनी निकाल दिला. वाद लंडनच्या कोर्टात चालवायचा असे करारात लिहिले आहे, दोन्ही कंपन्या अनुभवी आहेत, बरोबरीच्या ताकदीने वाटाघाटी करून त्यांनी सही केली आहे, तेव्हा करार पाळा. फक्त न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळे मत नोंदवले. सागरी वकिलीत हा निकाल आजही वेदवाक्यासारखा सांगितला जातो. मला त्याच्या तर्कात चूक दिसत नाही. दोन शेठ एका टेबलावर बसून सही करतात, तर त्यांनी ती पाळावी. पण त्या निकालात शोधूनही न सापडणारी गोष्ट म्हणजे टगवरची माणसे. पायांची किंमत आहे, कोर्टाचा पत्ता आहे, विम्याची चर्चा आहे. ९ जानेवारीला त्या समुद्रात दोराच्या दुसऱ्या टोकाला जे होते त्यांचे काय, हा प्रश्नच कोर्टापुढे नव्हता. कारण ते करारातले पक्षकार नव्हते, करारातला माल होते.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. २०१२ च्या डिसेंबरात शेल कंपनीची ‘कुलुक’ ही रिग अलास्काहून दक्षिणेला ओढत नेली जात होती. ऐन हिवाळा, अलास्काचा समुद्र. मग घाई कशाची होती? रिग १ जानेवारीला अलास्कात राहिली तर कर भरावा लागेल, हाही विचार त्या घाईमागे होता, असे अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशीत पुढे आले. २७ डिसेंबरला दोर तुटला. दुसऱ्या दिवशी ओढणाऱ्या ‘एव्हिक’ या नव्या कोऱ्या बोटीची इंजिने बंद पडली. रिगवरच्या अठरा जणांना हेलिकॉप्टरने उचलले. ३१ च्या रात्री ‘अलर्ट’ नावाच्या टगने रिग धरून ठेवली होती, पण वादळ रिगसकट टगलाही किनाऱ्याच्या खडकांकडे खेचू लागले. टगवर नऊ माणसे होती. तेव्हा किनाऱ्यावरच्या संयुक्त नियंत्रण कक्षातून हुकूम गेला, दोर सोडा. ‘अलर्ट’ने दोर सोडला. रिग सिटकालिडाक बेटावर जाऊन आदळली आणि नंतर भंगारातच गेली. नऊ माणसे घरी गेली.

करापायी माणसांना वादळात ढकलणाऱ्या त्या व्यवस्थेतसुद्धा शेवटच्या घटकेला कोणीतरी नऊ माणसे आणि एक रिग तराजूत घातली आणि माणसांचे पारडे जड ठरवले. हे कोणाच्या दयेने झाले असे मी मानत नाही. तिथे तटरक्षक दल, राज्य सरकार आणि कंपनी एका टेबलावर बसलेली होती, प्रत्येक हुकमाची वेळेसह नोंद होत होती आणि उद्या चौकशी होणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

युरोपातला अनुभव याहून कडू आहे. १२ एप्रिल २००७ ला शेटलँड बेटांच्या पश्चिमेला ‘बोर्बोन डॉल्फिन’ ही बोट एका रिगचा नांगर हलवत असताना पालथी झाली. पंधरांपैकी आठ गेले, त्यांत कप्तानाचा शाळकरी मुलगाही होता. नॉर्वे सरकारने आयोग नेमला आणि २००८ साली अहवाल जाहीर केला. एका माणसावर खापर फोडून आयोग मोकळा झाला नाही. बोटीच्या तोलाचा हिशेब, कामाचा आराखडा, नव्या कप्तानाला बोट समजून घ्यायला मिळालेला अपुरा वेळ, रिगवाल्यांची आणि तेल कंपनीची जबाबदारी, सगळे त्याने मांडले. पुढे अशा बोटींच्या तोलाचे आंतरराष्ट्रीय निकषही सुधारले गेले.

आता आपल्या दारात येऊ. १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समोरून गुजरातकडे गेले. हवामान खात्याचे इशारे आधीपासून येत होते. कोळी बांधवांनी होड्या वर ओढल्या. पण तेलक्षेत्रात कामगारांची तरंगती वसाहत म्हणून वापरला जाणारा पी-३०५ बार्ज बंदरात न येता कामाच्या जागेपासून जरा दूर सरकून तिथेच नांगरून राहिला. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन एका तेलफलाटावर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्याच वादळात ‘वरप्रदा’ ही टग बुडाली. तिच्यावर तेरा जण होते, वाचले दोन. नौदलाच्या ‘कोची’, ‘कोलकाता’ आदी जहाजांनी त्या उधाणातून १८८ जणांना वाचवले, त्या जवानांना सलाम केला पाहिजे. मृत्यू झाले ८६.

हा ८६ चा आकडा वाचकांच्या लक्षात असेल. पण तो ‘पी-३०५ दुर्घटनेतील मृत’ म्हणून लक्षात आहे. त्यातले अकरा जण ‘वरप्रदा’चे. मेल्यावरही टगवाल्यांची मोजदाद दुसऱ्याच्या खात्यात झाली. नौदलाच्या ‘मकर’ या सर्वेक्षण जहाजाने समुद्राच्या तळाशी ती टग शोधली, ही बातमी कोपऱ्यात आली. त्याच दिवसांत ‘सागर भूषण’ हे खोदकामाचे जहाज १०१ माणसांसह आणि एक सपोर्ट बार्ज १९६ माणसांसह भरकटले होते. त्यांवरची सगळी माणसे वाचली, कारण साहाय्यक बोटींनी त्या उसळत्या समुद्रात जाऊन त्यांना दोर लावले आणि ओढून आणले. त्या बोटींवर कोण होते, हे किती वृत्तपत्रांनी छापले?

यलो गेट पोलीस ठाण्यात पी-३०५ प्रकरणी गुन्हा दाखल झाला तो प्रथम बार्जच्या कप्तानावर. तो स्वतः तेव्हा बेपत्ता होता. पुढे आणखी काही जणांना अटक झाली, ती वेगळी गोष्ट. कप्तान चुकला असेल, नसेल, ते न्यायालय ठरवील. पण आपल्याकडे पहिला आरोपी नेहमी घटनास्थळावरचाच सापडतो. गटारात कामगार मेला की मुकादम आरोपी होतो, महापालिकेचे कार्यालय नाही.

कायदा नाही असे नाही. सोलास या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात नियम ३४-१ आहे. समुद्रातल्या जीविताच्या सुरक्षेसाठी कप्तान जो निर्णय घेईल तो घेण्यापासून जहाजमालक, भाडेकरू कंपनी किंवा अन्य कोणीही त्याला रोखू शकत नाही. किती स्पष्ट! पण हा कप्तान कोण आहे ते पाहा. त्याची बोट लहान मालकाची, मालक मोठ्या कंत्राटदाराच्या भाड्यावर, कंत्राटदार तेल कंपनीच्या कामावर. बोट बंदरात परत आणली तर त्या दिवसांचे भाडे कोण देणार? पावसाळा तोंडावर आला आहे, काम संपवायचे आहे. कप्तानाला कोणी ‘थांब’ असा हुकूम देत नाही. त्याला फक्त विचारले जाते, ‘खरंच यायची गरज आहे का?’ नियम ३४-१ या प्रश्नापुढे वितळून जातो.

त्यात या धंद्यातल्या करारांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तुझी माणसे आणि तुझी बोट तू सांभाळ, माझी माणसे आणि माझी रिग मी सांभाळतो, मग चूक कोणाचीही असो. इंग्रजीत याला ‘नॉक फॉर नॉक’ म्हणतात. विम्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, खटले कमी होतात. पण परिणाम काय? चूक रिगवाल्याची असली तरी टगवरच्या मेलेल्या माणसाचा बोजा सर्वांत लहान थैलीवर येतो. त्याची विधवा या कराराला बांधलेली नाही, ती चूक करणाऱ्यावर थेट दावा लावू शकते. पण हे तिला सांगणार कोण?

दोन वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला होता. आपल्याच वस्तीतला, बारावी झालेला. ‘जय भीम साहेब, हे जरा बघा’ म्हणून त्याने एका एजंटाचे दोन पानी करारपत्र पुढे केले. टगवर खलाशी म्हणून लागला होता. मॉन्सूनच्या तोंडावर बाहेर जायला तो कचरला म्हणून त्याला उतरवले आणि दोन महिन्यांचा पगार अडकवला. करारपत्रात पगार होता, दंडाची रक्कम होती, काम सोडल्यास काय ते होते. बोटीचे नाव नव्हते. कोणत्या कंपनीच्या कामावर आहे ते नव्हते. मी विचारले, सही का केलीस? तो म्हणाला, ‘साहेब, मागे रांग होती.’

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हाच प्रश्न घटनेच्या पातळीवर मांडला आहे. बेकाराला एका हाताने नोकरी आणि दुसऱ्या हाताने त्याचे मूलभूत हक्क दाखवले तर तो काय निवडेल, हे त्यांनी विचारले. राज्यसंस्था बाजूला झाली की जे स्वातंत्र्य उरते ते मालकाचे असते, हेही दाखवून दिले. ‘ब्रेमेन’च्या निकालातले करारस्वातंत्र्य झपाटा आणि उंटरवेझर यांच्यात शोभते. तेच एजंट आणि या मुलाच्या मध्ये आणून ठेवले की त्याचे सोंग होते. १९८२ साली एशियाड कामगारांच्या खटल्यात, म्हणजे पीयूडीआर विरुद्ध भारत सरकार या निकालात, न्यायमूर्ती भगवतींनी हा विचार पुढे नेला. अनुच्छेद २३ मधली ‘सक्ती’ फक्त दंडुक्याची नसते, भुकेची आणि लाचारीचीही असते. आणि कंत्राटदार मध्ये घातला म्हणून काम करवून घेणाऱ्या सरकारी यंत्रणेला कामगार कायद्यांतून अंग काढता येत नाही. हा निकाल किमान वेतनाचा होता हे मला ठाऊक आहे. पण जो तर्क मजुरीला लागतो तो जिवाला लागत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात कलम १२ होते. कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडूनही वसूल करता येई. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद ठेवली आहे. पण काम मुख्य मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असले पाहिजे, ही अट आली की बचाव तयार: आमचा धंदा तेल काढण्याचा, बोटी ओढण्याचा नव्हे. अरे, पण ओढल्याशिवाय तुमची रिग विहिरीपर्यंत पोहोचते कशी?

१९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा केला आहे. आपल्या संघटनांनी आणि वकिलांनी त्याखालच्या नियमांकडे लक्ष ठेवले पाहिजे. तेलक्षेत्रातल्या प्रत्येक टगला वादळाचा विशिष्ट इशारा आला की परत फिरण्याचा आपोआप अधिकार असावा आणि त्या दिवसांचे भाडे कंपनीने द्यावे, म्हणजे कप्तानाला विचारायला ‘ती गरज आहे का’ हा प्रश्नच उरणार नाही. धोका दिसला तर खलाशालाही ‘मी निघत नाही’ म्हणता यावे आणि त्यासाठी त्याला उतरवता येऊ नये. टगवर कोण कोण आहे याची नावानिशी यादी किनाऱ्यावर तेल कंपनीकडे असावी. यात खर्च आहे, नाही असे नाही. एका रिगच्या एका दिवसाच्या भाड्यापुढे तो किती, हे कंपन्यांच्या हिशेबनिसांनी सांगावे.

त्या मुलाचा पगार नोटीस गेल्यावर मिळाला, कोर्टात जावे लागले नाही. तो आता दुसऱ्या एजंटामार्फत पुन्हा टगवरच गेला आहे, घरी दोन बहिणी आहेत. जाण्यापूर्वी नव्या करारपत्राची झेरॉक्स माझ्याकडे ठेवून गेला. त्यावर या वेळी बोटीचे नाव लिहिलेले आहे.